हाताला न येणारा गिअर

जुन्या गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं, की बऱ्याच तक्रारी मिटतात आणि एक नवी उभी राहते: गिअरचा दांडा हाताला येत नाही. कारण साधं आहे. इंजिनाच्या मागे क्लच, क्लचच्या मागे गिअरबॉक्स आणि गिअरबॉक्सच्या डोक्यावर दांडा, अशी ही बोल्टांनी एकमेकांना बांधलेली रांग असते. नवं इंजिन जुन्यापेक्षा लांब किंवा आखूड निघालं, दोन्ही जुळवायला मध्ये जाड प्लेट घालावी लागली, किंवा पंखा रेडिएटरला घासतो म्हणून सगळं चार बोटं मागे घेतलं, तर तेवढ्याच मापानं दांडाही सरकतो. सीट मात्र जागची हलत नाही. मग दांडा कधी डॅशबोर्डखाली जाऊन बसतो, तर कधी मांडीला येऊन भिडतो. गॅरेजात यावरचा इलाज ठरलेला असतो: दांडा कापा, वाकवा, तुकडा जोडा. हा इलाज चुकीचा नाही, पण क्रमानं तो तिसरा आहे. त्याच्या आधी दोन कामं करायची असतात आणि ती नीट केली तर पुष्कळदा दांड्याला हात लावावा लागत नाही. त्याच्या नंतरचं चौथं काम, म्हणजे गिअरबॉक्सच हलवणं, फार थोड्या गाड्यांना लागतं. हा क्रम का पाळायचा, तेवढंच इथे सांगायचं आहे.

इंजिन बदलून जुनी गाडी नव्या जोमानं पळवण्याचा छंद जगभर ‘हॉट रॉड’ या नावानं ओळखला जातो. त्याची पाळंमुळं कॅलिफोर्नियात आहेत. फोर्डनं 1932 मध्ये आठ सिलिंडरचं व्ही-8 इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत आणलं आणि तिथल्या तरुणांनी जुन्या फोर्ड गाड्यांची बाडबिस्तरं उतरवून त्यांच्यात मोठी इंजिनं घालायला सुरुवात केली. 1948 च्या जानेवारीत या छंदाला वाहिलेलं ‘हॉट रॉड’ नावाचं मासिकही निघालं. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरला अशी गाडी शोधायला गेलं तर मिळणार नाही. पण त्याच जातीची एक गाडी मराठवाड्याच्या पूर्ण ओळखीची आहे, ती म्हणजे जुनी विलीज किंवा महिंद्रा जीप. जिंतूरला रेल्वे नाही. उत्तरेला डोंगर, पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आणि पावसाळ्यात चाकाला चिकटून बसणारी काळी माती. अशा तालुक्यात चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीचं मोल वेगळं सांगायला नको. तिचं मूळचं 2.2 लिटरचं पेट्रोल इंजिन पुढे परवडेनासं झालं. महिंद्रानं स्वतःच नंतरच्या जीपमध्ये प्यूजोच्या आराखड्याची डिझेल इंजिनं दिली, आणि महाराष्ट्रभर गॅरेजवाल्यांनी जुन्या पेट्रोल जीपमध्ये मिळेल ते डिझेल इंजिन बसवलं. कॅलिफोर्नियातल्या पोरांना वेग हवा होता, इकडच्या मालकाला डिझेलनं होणारी बचत हवी होती. दांड्याचं दुखणं मात्र दोघांच्या वाट्याला एकच आलं.

जीपचा दांडा मुळातच आपल्या चालकासाठी बेतलेला नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. ही गाडी 1940-41 मध्ये अमेरिकी सैन्यासाठी घडवली गेली. तिकडे चालक डावीकडे बसतो आणि उजव्या हातानं गिअर टाकतो. पुढे मुलकी जीपमध्ये आलेल्या टी-90 या तीन गिअरच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स डावीकडे पुढे, पहिला डावीकडे मागे, दुसरा उजवीकडे पुढे आणि तिसरा उजवीकडे मागे पडतो. डावीकडे बसणाऱ्याला पहिला गिअर आपल्या अंगाकडे ओढावा लागतो आणि दुसरा-तिसरा अंगापासून दूर पडतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून सगळं उलटं होतं: पहिला आणि रिव्हर्स लांब, तर तिसरा थेट डाव्या मांडीच्या कडेला. त्यातच या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे दातांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा तर डबल क्लच मारून, दात जुळल्याचा अंदाज घेत, हलक्या हातानं टाकावा लागतो. म्हणजे ज्या गिअरला सर्वांत हलका हात हवा, तोच इथे लांबच्या बाजूला आहे. मुख्य दांड्याशेजारी पुढची चाकं जोडायचा आणि लो रेंजचा असे आणखी दोन छोटे दांडे असतात. इंजिन बदलून हा सगळा पसारा दहा-पंधरा सेंटिमीटर सरकला, तर आधीच काठावर असलेलं माप पार हाताबाहेर जातं.

पण माप घेतानाच पहिली चूक होते. दांडा न्यूट्रलमध्ये असताना चालक हात पुढे करून पाहतो, मूठ हातात येते, आणि माप झालं असं समजतो. पण न्यूट्रलमध्ये गिअर टाकायचा नसतोच. माप घ्यायचं ते सर्वांत लांबच्या आणि सर्वांत जवळच्या गिअरचं. चालकानं नेहमीसारखं बसावं, पाठ सीटला पूर्ण टेकवावी, क्लच तळापर्यंत दाबावा आणि मग दांडा सर्वांत पुढच्या गिअरला न्यावा. या वेळी डावा खांदा सीटवरून सुटला, तर दांडा लांब आहे. मग दांडा सर्वांत मागच्या गिअरला आणावा. कोपर पाठीच्या मागे गेलं, मनगट मुडपलं किंवा मूठ मांडीवर आपटली, तर दांडा जवळ आहे. क्लच दाबून माप घ्यायचं, कारण डावा पाय लांब करताना कंबर किंचित फिरते आणि खांद्याची जागा बदलते. हा काटेकोरपणा नुसत्या आरामासाठी नाही. जुन्या जीपचं स्टिअरिंग पॉवरचं नसतं. खड्ड्यात चाक आपटलं की त्याचा झटका थेट हातात येतो. अशा वेळी डावा हात गिअर शोधायला पुढे झुकला, की शरीराचा भार उजव्या हातावर जातो, आणि तो हात त्या क्षणी एकटाच स्टिअरिंग धरून असतो. समोरून उसाची ट्रॉली येत असताना एका गिअरसाठी गाडी हातभर सरकली, तर तो दोष चालकाच्या नावावर जातो, पण त्याचं मूळ दांड्याच्या मापात असतं.

माप चुकलेलं दिसलं, की आधी सीटकडे पाहावं. जुन्या जीपची सीट पत्र्यावर बोल्टनं कसलेली असते, तिला सरकायला रूळ नसतात. त्यावर वर्षानुवर्षं फोम, गोणपाट आणि नवं कव्हर चढत जातं. पाठीमागे पाच सेंटिमीटर जाडीची उशी आली, की चालक तेवढाच पुढे येतो, आणि खाली तेवढीच आली की मांडी वर जाऊन दांड्याला भिडते. मग दोष दांड्याचा वाटतो. औताच्या रुमण्याची उंची शेतकरी हाकणाऱ्याच्या अंगमापानं ठरवतो, सगळ्यांना एकच रुमणं देत नाही. जीपची सीटही तशीच चालकाच्या मापानं बसवायला हवी. बोल्टांची भोकं मागे-पुढे पाडून किंवा बाजारात मिळणारे रूळ लावून ती सरकवता येते. मात्र क्लच आणि ब्रेक पायाला पूर्ण लागतात ना, हे लगेच पाहावं. हात जवळ आणण्याच्या नादात पाय लांब पडला, तर सौदा तोट्याचा ठरतो. दुसरं काम झिजेचं. दांड्याच्या तळाशी गोळा असतो, त्याच्यावर स्प्रिंग, आणि दांडा स्वतःभोवती फिरू नये म्हणून बहुतेक गिअरबॉक्समध्ये एक पिन. हे तिन्ही झिजले, की दांडा हातभर इकडे-तिकडे डुलतो, गिअर कुठे संपला ते हाताला कळत नाही, आणि चालक म्हणतो, “दांडा लांब पडतो.” खरं तर दांडा जागेवरच असतो, त्याची चालच वाढलेली असते. असा झिजलेला दांडा वाकवला तर तोच खुळखुळाट नव्या जागी जातो, कमी होत नाही.

सीट आणि झीज दोन्ही निस्तरूनही माप जुळत नसेल, तर मात्र दांड्याकडे वळावं. इथे पहिला मोह लांबीचा होतो. “दांडा लांब केला की हातालाही येतो आणि गिअरही हलका पडतो,” असं गॅरेजात हमखास ऐकू येतं. त्यातलं दुसरं विधान खरं आहे, पण अर्धं. समजा गोळ्यापासून खालचं टोक 5 सेंटिमीटरवर आहे आणि वरची मूठ 30 सेंटिमीटरवर. म्हणजे एकास सहा असं प्रमाण झालं. गिअर पडायला खालचं टोक 1 सेंटिमीटर सरकायला हवं असेल, तर मूठ 6 सेंटिमीटर जाते. आता दांडा 45 सेंटिमीटरचा केला, तर प्रमाण एकास नऊ होतं. जिथे 6 किलोचा जोर लागत होता तिथे 4 किलो पुरतो, हे खरं. पण तोच गिअर टाकायला मूठ आता 9 सेंटिमीटर जाते, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जायला एकूण 12 च्या जागी 18. म्हणजे जो लांबचा गिअर आपल्याला जवळ हवा होता, तो आणखी 3 सेंटिमीटर पुढे गेला. खुळखुळाटही त्याच प्रमाणात वाढतो: खाली 1 मिलिमीटरची ढिलाई असेल तर मुठीला ती 6 ऐवजी 9 मिलिमीटर जाणवते. लांबी वाढवली की हाताला येणं आणि हलकं पडणं या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. एकीची किंमत दुसरीतून वळती होते.

दुसरा मोह वाकवण्याचा. दांडा डॅशबोर्डखाली गेला असेल तर मागे वाकवणं हाच सरळ मार्ग दिसतो, आणि ठरावीक मर्यादेत तो बरोबरही आहे. ती मर्यादा कुठली, ते भूमितीनं कळतं. मूठ गोळ्याभोवती फिरते, आणि गोळा व मूठ यांना जोडणारी जी सरळ रेघ, तिच्याशी काटकोन करून ती हलते. मधला दांडा कितीही वळणाचा असला तरी हिशेब या सरळ रेघेचाच. दांडा उभा असेल तर मूठ सरळ पुढे-मागे जाते. आता मूठ गोळ्यापासून 30 सेंटिमीटर उंच आणि 30 सेंटिमीटर मागे आणली, तर रेघ 45 अंशांत कलली. मग गिअर टाकताना मूठ जितकी पुढे जाते तितकीच वर उठते, आणि मागे ओढताना तितकीच खाली बसते. हाताला पुढे ढकलायची सवय, आणि दांडा मागतो वर उचलायला. शिवाय ती रेघ आता 42 सेंटिमीटरची झाली, म्हणजे लांबीचे तोटेही सोबत आले. तेच 15 सेंटिमीटर मागे आणलं तर रेघ साधारण 33.5 सेंटिमीटरची राहते. पुढच्या 6 सेंटिमीटरच्या चालीमागे वर-खाली फक्त 3 सेंटिमीटर जातात, आणि हात ते सहज सोसतो. म्हणून ढोबळ नियम असा धरावा: मूठ जेवढी उंच, त्याच्या निम्म्याहून जास्त ती मागे किंवा बाजूला नेऊ नये. बाजूच्या वाकाला आणखी एक खोड असते. मूठ पुढे ढकलली की दांडा स्वतःभोवती पीळ घेतो, तो पीळ त्या छोट्या पिनेवर येतो आणि पिन लवकर खाल्ली जाते. मागे फार कललेला, वर जड गोल नॉब लावलेला दांडा खड्ड्यातल्या झटक्यानं स्वतःच्या वजनानं मागे ओढला जातो. आतली लॉकची स्प्रिंग म्हातारी झाली असेल, तर पुढचा गिअर उडून न्यूट्रलला येतो. येलदरीच्या उतारावर गिअर उडणं काय असतं, ते जिंतूरच्या चालकाला समजावून सांगायची गरज नाही.

कुणी म्हणेल, दांडा गिअरबॉक्सच्या डोक्यावरच का हवा? तो हवा तिथे बसवून खाली सळया आणि सांधे जोडले तर? तसं होतं आणि आपल्याकडे दशकानुदशकं झालंही. अँबेसेडर आणि प्रीमिअर पद्मिनी या दोन्ही गाड्यांचा गिअर कित्येक वर्षं स्टिअरिंगखाली होता. पद्मिनीच्या टॅक्स्या मुंबईत 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत धावल्या. बाकासारखी सलग पुढची सीट आणि पाय मोकळे, हा त्या रचनेचा मोठा फायदा होता. पण स्टिअरिंगपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळयांच्या प्रत्येक सांध्यात एक बुश, आणि प्रत्येक बुश झिजणारा. पाच सांध्यांत प्रत्येकी थोडी ढिलाई आली की मुठीशी ती एकवटते. जुन्या पद्मिनीत गिअर शोधावा लागायचा तो त्यामुळे. अमेरिकेतला अनुभवही याहून वेगळा नाही. फोर्डनं 1940 साली गिअर स्टिअरिंगखाली नेला, आणि हॉट रॉडवाल्यांनी मुद्दाम 1939 चा जमिनीवरून दांडा निघणारा गिअरबॉक्स शोधून आपल्या गाड्यांत घातला. सांधे कमी तितका हात खरा, हे त्यांना कळलं होतं. कारखान्यात मोजून-मापून केलेल्या सळयांची ही कथा, तर गॅरेजात अंदाजानं केलेल्या सळयांची काय होईल, याचा विचार आधी करावा. जीपच्या खाली चिखल, पाणी आणि दगड यांचा मारा असतो, तो वेगळाच.

म्हणून दांडाच दुरुस्त करायचा, पण बेतानं. 6 मिलिमीटरच्या सळईचा एक हलका नमुना आधी करावा, तो जागेवर बांधून रिव्हर्ससह चारही गिअरच्या जागा तपासाव्यात, आणि चालकाच्या हाताला पटला की त्यावरून खरा दांडा घडवावा. दांडा गिअरबॉक्समधून काढूनच कामाला घ्यावा आणि उघड्या भोकावर स्वच्छ फडकं घट्ट बसवावं, नाहीतर घासलेल्या लोखंडाचा चुरा थेट दातांत जातो. दांडा जागेवर ठेवून वेल्डिंग करणाऱ्याला वेळ वाचल्यासारखं वाटतं, पण अर्थिंग चॅसीला लावलेली असली की करंट बेअरिंगांमधून वाट काढतो आणि त्यांच्या गोळ्यांवर बारीक डाग पाडतो. तो आवाज पुढे येतो, तेव्हा वेल्डिंगची आठवण कुणाला नसते. तापवून वाकवायचं तर गोळ्यापासून वर अंतर ठेवून, लाल होईतो तापवून, मोठ्या गोलाईनं वाकवावं आणि आपोआप थंड होऊ द्यावं. पाणी मारू नये. गोळ्याला धग लागू नये म्हणून त्याच्याभोवती ओलं फडकं गुंडाळावं. पण याहून चांगला मार्ग बोल्टांचा: दांडा मध्ये कापून दोन्ही तुकड्यांना चपट्या पट्ट्या जोडायच्या आणि त्या दोन बोल्टांनी एकत्र कसायच्या. बोल्ट दोनच का? एक असेल तर तो सांधा फिरतो, दोन असले की मुकाट राहतो. एका पट्टीत लांबट खाच ठेवली, तर हवं तेव्हा दांडा दोन-तीन सेंटिमीटर पुढे-मागे घेता येतो. एकाच घरात जीप चालवणारा बाप सहा फुटी आणि लेक पाच फुटी असेल, तर ती खाच दोघांच्या कामी येते.

चौथं काम गिअरबॉक्स मागे-पुढे करण्याचं. हॉट रॉडच्या जगात त्यासाठी एक सोय आहे. टी-5 नावाचा पाच गिअरचा एक गिअरबॉक्स वेगवेगळ्या अमेरिकी गाड्यांत वेगवेगळ्या मागच्या घरासह (टेल हाउसिंग) आला. शेवरोलेच्या एस-10 ट्रकमधल्या घरात दांडा बराच पुढे निघतो, मस्टँगमधल्या घरात त्याच्या मागे. म्हणून जुन्या फोर्डमध्ये सीट पुढे असेल तर लोक एस-10 चं घर शोधतात. आपल्या जीपला इतका वाव नाही. लहान जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जेमतेम 80 इंच, म्हणजे 2 मीटरच्या आसपास. गिअरबॉक्स मागे सरकवला की मागचा प्रोपेलर शाफ्ट आणखी आखूड होतो, त्याचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातात. दांड्याच्या आरामासाठी शाफ्ट गमावणं म्हणजे पाय वाचवायला डोकं देणं. पण इंजिन अजून बसवायचंच असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा इंजिन साखळीवर लोंबतं ठेवून, सीट कसून, चालकाला तिच्यावर बसवून मग माउंटिंगची भोकं पाडावीत. त्या एका तासात जे साधतं, ते नंतर दांडा वाकवून साधत नाही.

आता आक्षेप. पहिला म्हणजे, “सवय होते.” होते, यात शंका नाही. वर्षानुवर्षं वाकड्या दांड्यांवर गाड्या चालवणारे कुशल चालक गावोगाव आहेत. पण ट्रॅक्टर कंपन्यांकडे पाहा. दोन पायांच्या मधल्या दांड्याची सवय असलेले लाखो चालक या देशात होते, तरी कंपन्यांनी दांडा बाजूला, हाताशी आणला आणि आज ‘साइड शिफ्ट’ ही विक्रीची जमेची बाजू म्हणून सांगितली जाते. माणसाला सवय झाली म्हणजे रचना बरोबर होती, असं सिद्ध होत नाही. सवय एवढंच दाखवते, की यंत्राची चूक माणसाच्या खांद्यानं भरून काढली. दुसरा आक्षेप मूळ रूप जपणाऱ्यांचा: जुन्या गाडीला हात लावायचाच कशाला? हा आक्षेप मानाचा आहे. केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न झालेली गाडीच त्यात बसते, आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. डिझेल इंजिन घातलेली जीप त्या दारातून तशीही आत जात नाही. ज्यांची जीप खरोखर मूळ रूपात आहे, त्यांनी जुना दांडा तेलाच्या कापडात गुंडाळून ठेवावा आणि बोल्टचा नवा दांडा लावावा. परत फिरता येईल असा बदल करावा, एवढीच अट. कायद्याची आडकाठीही दांड्याला नाही. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करायला बंदी घालतं. इंजिन बदलायचं तर परभणीच्या आरटीओची परवानगी आधी लागतेच, पण दांड्याचं वळण आरसीवर लिहिलेलं नसतं.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो सर्वांत सोपा आहे, कारण हा क्रम मुळात स्वस्ताकडून महागाकडे जातो. सीटची भोकं पाडायला ड्रिल मशीन आणि अर्धा दिवस लागतो. पिन, बुश आणि स्प्रिंग किरकोळ किमतीत येतात. दांड्याच्या पट्ट्या लेथवाला एका बैठकीत करून देतो. गिअरबॉक्स हलवायचा म्हटलं की माउंटिंग, शाफ्ट, क्लचची जोडणी असा सगळा बाजार मांडावा लागतो. उलट्या क्रमानं गेलेला मालक गिअरबॉक्सवर पैसे घालवून शेवटी सीटखालची जुनी उशी काढतो आणि मग दांडा हाताला येतो. हे टाळायचं तर गॅरेजात गाडी पाठवून भागत नाही. रोज ती चालवणाराही सोबत जायला हवा. मेस्त्री दांडा कितीही सुबक वाकवेल, पण तो वाकवताना स्वतःच्या हाताचं माप धरेल, आणि चालवणार दुसराच.